आधी तोडा, मग विचारा

दवाखान्याच्या कॉम्प्युटरमधून कुणीतरी ढीगभर माहिती बाहेर पाठवत होतं, आणि ते कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या धम्मदीपचं अर्धं मन वरच्या मजल्यावर होतं.

वर अतिदक्षता विभागात त्याची धाकटी बहीण रक्षा होती. सकाळी नालवाडीजवळ स्कूटीवरून पडली, डोक्याला जबर मार लागला. ऑपरेशन करायचं की नाही, हे नागपूरचे मोठे डॉक्टर सांगणार होते. त्यांचा निरोप काही येत नव्हता.

अशात हे नवं लचांड! मागच्या वर्षीच्या सायबर हल्ल्यात अख्खा दवाखाना ठप्प झाला होता. तेव्हापासून ठरलं होतं की संशय आला की आधी जोडणी तोडायची, विचारपूस मग. विचारत बसलं की चोर सावध होतो. हा नियम धम्मदीपनंच बसवला होता. त्यानं त्या कॉम्प्युटरची जोडणी तोडली.

हाताखालची सोनम म्हणाली, "सर, थांबा ना जरा. काय चालू आहे ते तर पाहू."

"नियम सोडायचा नाई," धम्मदीप म्हणाला.

थोड्या वेळानं माहिती दुसऱ्याच कॉम्प्युटरवरून निघाली. त्यानं तोही तोडला. मग दवाखान्याच्या वायफायला जोडलेल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून; इमारतीत मोबाइलला एरवी रेंजच नसायची. भलताच चिवट चोर, एक दार लावलं की दुसरं ढकलायचा. तो चाल बदलतो तर आपणही बदलू, वर जाऊन चौकशी करू, असं सोनमनं पुन्हा सुचवलं. धम्मदीप तिच्यावर खेकसला आणि त्यानं अख्ख्या इमारतीचं नेटच बंद केलं. आतले फोनही त्यावरच चालायचे, तेही बंद पडले.

"निपटला एकदाचा," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. रक्षासाठी त्याला काही म्हणजे काही करता येत नव्हतं, याचं त्याला रडू येत होतं. निदान दवाखाना तरी वाचवला, असं त्यानं मनाला समजावलं.

तेवढ्यात वरून रक्षाला तपासणारे डॉक्टर अमर आले. सावकाश आले. धम्मदीप उठून उभा राहिला. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"रक्षा गेली, धम्मदीपभाऊ," ते म्हणाले. "तिच्या डोक्याच्या स्कॅनचे फोटो नागपूरले पाठवून राह्यलो होतो मी. माझ्या कॉम्प्युटरवरून पाठवले, सिस्टरच्या कॉम्प्युटरवरून पाठवले, मोबाइलवरून पाठवले. दर खेपेले कोणीतरी मधातच तोडून टाकत होतं."