साधं पाणी

स्टुडिओतला एडिटिंगचा कॉम्प्युटर चोरीला गेला, तेव्हा माझ्या भागीदारानं थेट माझ्या धाकट्या भावाकडे बोट दाखवलं. पोलिसांत तक्रारही त्यानंच दिली. पुरावा शून्य, पण भावाची नोकरी गेली आणि चार महिने तो तोंड लपवून घरात बसला.

नवा कॉम्प्युटर जोडायला म्हणून मी जुन्या सामानाच्या दुकानात गेले. कॉम्प्युटर थंड राहावा म्हणून आत पाणी खेळवतात, तो अख्खा सेट दुकानदारानं पुढ्यात ठेवला.

"साध्या पाण्याशिवाय यात काही गेलेलं नाही, ताई. विकणाऱ्यानं तसं लिहून सही दिलीय."

मी स्क्रू काढून तांब्याचा ठोकळा उघडला. खाचाखाचांत जांभळा रंग बसला होता. हा जांभळा कुठल्याच दुकानात मिळत नाही. आमच्या कॉम्प्युटरमध्ये रंगीत पाणी भरताना निळी बाटली अर्ध्यात संपली म्हणून मी वेंधळीनं वरून लाल ओतली होती, आणि भाऊ आठवडाभर मला हसत होता.

"हे साधं पाणी?"

दुकानदार ओशाळला. त्यानं सहीचा कागदच माझ्या हातात दिला. ती सही मी रोज बघते. भागीदाराची.

तासाभरानं मी त्याला फोन लावला. "पोलीस ठाण्यातून बोलतेय. भाऊही इथेच आहे. चोर सापडलाय. तक्रार तुमची, तेव्हा तुम्हालाच यावं लागेल."

"मी पहिल्यापासून सांगत होतो ना! आलोच. तोवर सोडू नका त्या हरामखोराला!"

 

"छे हो! आता कुठली सोडतेय!"