मुलगी हुशार आहे

"मुलगी फार हुशार आहे म्हणे," पाणीपुरवठ्याचे साहेब फोनवर म्हणाले, आणि समन्वयक बाईंनी कपाळाला हात लावला. गेलं, हेही खातं गेलं.

सरकारी कचेरीत कोणाला तात्पुरतं घ्यायचं झालं, की आधीच्या कचेरीला फोन करून विचारतात, माणूस कसा आहे? 'शांत आहे' म्हटलं की घेतात. 'मेहनती आहे' म्हटलं तर थोडे आढेवेढे घेऊन का होईना, घेतात. 'फार हुशार आहे' म्हटलं की संपलं. लगेच जागा नसते, खुर्ची नसते, नाहीतर साहेब रजेवर असतात. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

ती फार हुशार मुलगी समोरच्याच खुर्चीत बसली होती. फेलोशिपच्या बारा जणांतली एक. वर्षभरात तीन खात्यांत तात्पुरतं बसायचं, काम शिकायचं, अशी ही फेलोशिप. आणि कोणाला कुठे बसवायचं ती जुळवाजुळव बाईंच्या गळ्यात. अकरा जण मार्गी लागले होते. हिचं पहिलं खातं पुलांचं. तिथे पाहणीची वही वर्षानुवर्षं टेबलावरच भरतात, चहा पिता पिता. ही बया टेप घेऊन नदीवर गेली. निम्मं शहर ज्यावरून जातं त्या पुलाच्या तिसऱ्या खांबाला तडा, त्यात चार बोटं जातात. वहीत मात्र 'तडा नाही'. हिनं फोटो लावून रीतसर अहवाल दिला. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं टेपवाली.

"सात झाले," बाई म्हणाल्या. "सात खात्यांनी नाही म्हटलं. दुसऱ्या नेमणुकीची पंधरा दिवसांची मुदत आज पाचला संपते. तोवर झाली नाही तर तुझी फेलोशिप रद्द. कळतंय का?"

"कळतंय." टेपवाली पुटपुटली. "घरी सांगितलं नाही अजून. आई सगळ्यांना सांगत सुटलीय, माझी लेक सरकारात आहे म्हणून."

बाईंना तिची दया आली आणि रागही आला. चांगल्या पोरी अशाच वाया जातात, स्वतःच्या हातानं! त्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वाचार. मग सरळ पुलांच्या साहेबांनाच फोन लावला.

"साहेब, तुमच्या लेकीसारखी आहे ती. जरा शांत आहे म्हणा की."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता, निवृत्तीला आठ महिने उरले होते एवढंच. "म्हणतो ना! मला काय तिच्याशी वैर आहे? तिला फक्त एक ओळ लिहून द्यायला सांगा. अहवाल सरावापुरता होता, मोजमाप अंदाजानं घेतलं. बस. कागद इथे पोचला की मी स्वतः पाणीपुरवठ्याला फोन करतो."

त्यांचा आवाज मोठा. टेपवालीलाही सगळं ऐकू गेलं. बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला.

"पण मी मोजलंय, बाई. पाण्यात उतरून मोजलंय."

"मी कुठं म्हणते नाही मोजलंस? अगं, तू घरी बसलीस म्हणून तो तडा काय बुजणार आहे? आत राहा. उद्या तूच साहेब हो, मग पाड तो पूल आणि बांध नवा, कोण अडवतंय तुला!"

टेपवालीनं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग एका दमात ओळ लिहिली, खाली सही केली, तारीख घातली. कागद देताना तिनं मान वर केली नाही.

शिपाई कागद घेऊन खालच्या मजल्यावर पुलांच्या खात्यात गेला. वीस मिनिटांत पाणीपुरवठ्याचा फोन आला. आता खुर्ची होती, टेबल होतं, साहेबही रजेवर नव्हते. "शांत मुलगी आहे म्हणे," ते म्हणाले. "सोमवारी पाठवा." बाईंनी नेमणुकीचं पत्र छापलं, शिक्का मारला. बाराच्या बारा झाले. त्यांना हायसं वाटलं, अगदी मनापासून वाटलं.

"हे घे. आणि हस की जरा! कोणी मेल्यासारखं तोंड काय करतेस?"

टेपवालीनं पत्र घेतलं, "येते" म्हणाली आणि दाराकडे वळली. तेवढ्यात बाईंचा मोबाइल वाजला. नवऱ्याचा फोन होता.

"हां, बोला. क्लासवरून पोरीला तुम्हीच आणताय ना? मग एक करा, पुलावरून नका येऊ. नाही हो, गर्दी नाही... अहो, वळसा पडला तर पडू दे, पण पुलावरून नको. आणि आजच नाही, रोजच. का म्हणजे? मी सांगतेय म्हणून!"

फोन ठेवून त्यांनी वर पाहिलं. टेपवाली अजून दारातच होती. बाईंचा चेहरा गोरामोरा झाला.

"अगं, ते आपलं उगीच..."

"वळसा कुठून पडतो, बाई?" ती म्हणाली. "मलाही घरी सांगायचंय."