राहिलेली घंटी

मुलं घरी गेली आणि कोहारूची घंटी बाकावरच राहिली. इथे जपानच्या डोंगरात अस्वलांना चाहूल लागून ती दूर जावीत म्हणून मुलं दप्तराला घंटी बांधतात. माझ्या इंग्रजीच्या तासाला ती किणकिण नको, म्हणून मीच काढायला लावते. आणि कोहारू तर चौथीतली अशी पोर, की वर्गात तोंडच उघडत नाही.

तेवढ्यात गावचा भोंगा बोलू लागला. माझं जपानी यथातथाच, पण ‘कुमा’ म्हणजे अस्वल, एवढं कळतं. खालच्या रस्त्यावर दिसलं होतं. कोहारूच्या रस्त्यावर.

वर्गातल्या सपातांवरच मी धावत सुटले, वेड्यासारखी घंटी हलवत. झाडीत पान हललं तरी मी ती आणखी जोरात वाजवत होते.

वळणापलीकडून कुणीतरी किंचाळलं. मग शब्द कळले.

“माय नेम इज कोहारू! आय लाइक पीचेस!”

घंटी नव्हती, म्हणून पोर जिवाच्या आकांताने इंग्रजी ओरडत चालली होती.

“कोहारू! हाऊ आर यू?”

ऐकू यावं म्हणून मी घंटी मुठीत दाबली.

मग रडवेला आवाज आला, “आय अ‍ॅम फाइन, थँक यू! अँड यू?”