टॅग नंबर दहा

आमच्या ॲपची नवी इमेज, म्हणजे चालवायला तयार आवृत्ती, झाली की मी तिला नंबराचा टॅग लावते, आणि सर्व्हर सगळ्यात मोठा नंबर आपोआप उचलून चालू करतो. पाचव्या नंबरालाच मी सरांना सांगितलं होतं, "सर, सर्व्हर नंबर अक्षरांसारखा वाचतो. आधी पहिला आकडा बघतो, आणि दहातला एक नऊपेक्षा लहान, म्हणून त्याच्या लेखी दहापेक्षा नऊ मोठा. दहा यायच्या आत मला एक ओळ बदलू द्या."

सर सगळ्या टीमसमोर म्हणाले, "तू टॅग लाव. अक्कल पाजळू नकोस."

सगळे फिदीफिदी हसले. मी टॅग लावायला बसले.

दोन वर्षं राबून मी ते ॲप उभं केलं. पहिल्या पानाच्या तळाशी 'निर्मिती' आणि पुढे माझं नाव होतं. आज मालक बघायला येणार, म्हणून सकाळी सरांनी दहावी इमेज काढायला लावली. तिच्यात बदल एवढाच, की माझ्या नावाच्या जागी त्यांचं नाव.

"टॅग लावलास?"

"लावला, सर."

दुपारी मोठ्या पडद्यावर ॲप उघडून सर छाती फुगवून म्हणाले, "सगळं एकट्याने केलंय, साहेब."

मालकांनी चष्मा सरसावला आणि तळाचं नाव मोठ्याने वाचलं. माझं.

"या कोण?"

सर माझ्याकडे वळून दातओठ खात कुजबुजले, "दहाचा टॅग लावला होतास ना?"



"लावला होता ना, सर. फक्त अक्कल पाजळली नाही."