चौकशीखोर जावई

जावई असावा तर पाव्हण्यासारखा. यावं, ओसरीवर बसावं, पुढ्यात येईल ते गोड मानून खावं आणि आल्या वाटेनं जावं. ताराबाईचा जावई यातलं एकही धड करीत नव्हता. प्रणय दर सुट्टीला वाशिंदहून मोटारसायकल दामटत धसईला येई आणि हेल्मेट काढायच्या आधी विचारी, "आई, पोरीला थेंब दिले?"

"दिले."

"रोज देता ना?"

"नायतर काय लोणच्यात घातले?"

आत बाजेवर पडलेल्या मितालीला हसू फुटे. मिताली ताराबाईची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळंतिणीची खोली ताराबाईनं आपल्या सासूनं शिकवली तशीच राखली होती. खिडकीला गोधडी, बाजेखाली निखारे, लेकीच्या कानात कापूस, आणि उंबऱ्याच्या आत बाप्याचं पाऊल नाही. तिथं भर दुपारीही दिवा लावावा लागे. पोर आंघोळीपुरती न्हाणीत जायची, की पुन्हा आत.

"आई, खिडकी जरा उघडली तर?" एकदा जावयानं ओसरीवरून विचारलं.

"तुमची किती बाळंतपणं झाली हो, जावयबापू?"

त्यानं मुकाट कपात तोंड घातलं. पोरगा तसा गरीब. पण चौकशा काही संपत नव्हत्या.

थेंबांची ती बाटली त्यानंच आणली होती. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी लिहून दिलेली. "हाडांसाठी आहे, रोज द्यायचं," एवढंच सांगून त्यानं ती सासूच्या हाती ठेवली. ताराबाईनं वास घेतला, थेंबभर बोटांत चोळून पाहिलं. तेलकट लागलं. असेना. पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घालायची ती, तेव्हा थेंब द्यायचं कामही तिचंच. न्हाणं उरकलं की आधी थेंब, मग धुरी. अर्ध्या गावाची पोरं तिच्या पायावर न्हाली होती. आणि तिला हा कालचा पोरगा विचारणार, रोज देता ना!

एका रविवारी सकाळी दूध पिता पिता पोर ताठली. डोळे वर गेले. हातपाय झटके द्यायला लागले, ओठ काळेनिळे पडले. मिताली किंचाळली. प्रणय ओसरीवरून धावत थेट बाजेपाशी आला आणि ताराबाईला त्याला हटकायचं सुचलंसुद्धा नाही. शेजारच्या जगननं जीप काढली. मुरबाड येईपर्यंत ताराबाईनं ठाऊक असलेल्या सगळ्या देवांना नवस बोलून टाकले.

दवाखान्यात झटके थांबले. दुपारी रक्ताचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाई आल्या. "बाळाचं कॅल्शियम पार खाली गेलंय. व्हिटॅमिन डी जवळजवळ नाहीच. टाळूच्या आजूबाजूचं हाडसुद्धा मऊ लागतंय. आईच्या दुधातून ते पुरेसं मिळत नाही, म्हणून तर आपण थेंब देतो. थेंब चुकले का?"

"एक दिवस नाही," प्रणय म्हणाला. सासूच्या बाजूनं तो इतक्या ठामपणे कधी बोलला नव्हता. "मी स्वतः विचारत होतो. बाटली संपत आली."

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "औषध जाऊनही फरक नाही म्हणजे आजार दुसराच असेल. मग मुंबईला न्यावं लागेल. मोठ्या तपासण्या कराव्या लागतील."

मिताली रडायला लागली. ताराबाईला ते बघवेना.

"मुंबई कशाला? मी देत व्हते, मला इचारा," ती पुढे झाली. "न्हाणं झालं की टाळूवर मधोमध सोडायचे आनि बोटानं जिरवायचे. पार जिरेपर्यंत. येक थेंब ओघळू दिला नाय मी."

डॉक्टरीणबाईंनी हातातले रिपोर्ट खाली ठेवले.

"आजी," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "ते तोंडातून द्यायचं असतं."

ताराबाईचं थेंब जिरवणारं बोट हवेत तसंच राहिलं. तेलाची जागा टाळूवर. तान्ह्याच्या तोंडात तेल कोण घालतं? ठसका लागला तर? तिचं सगळं बरोबर होतं. नुसती पोर मरायला टेकली होती.

"बरं झालं सांगितलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता मुंबई नको. औषध पोटात गेलं की सुधारेल. आईलाही गोळ्या देते." त्या गेल्या.

मिताली रडायची थांबली होती. ती आईकडं नुसती बघत होती.

ताराबाई वाट बघत राहिली. आता जावई तोंड उघडणार. उघडायलाच हवं. तिच्या लेकीला कुणी असं केलं असतं, तर तिनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. प्रणयनं पोरीच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं. सासूसमोर आला. मान खाली घातली.

"असू दे आई. तुम्ही काय मुद्दाम केलंत? मीच नीट सांगायला पाहिजे होतं. चहा आणू तुम्हाला?"

ताराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"असू दे? तुमची पोर माज्या हातानं जात व्हती आनि तुमी मला चा पाजताय? पाव्हणे काय तुमी हिचे? बाप ना? मग भांडा माज्याशी!"