वाट्याचे दिवस

दूध करपल्याचं यशपालला लेकीनं सांगितलं. नऊ वर्षांची संस्कृती "जळका वास यालाय की, पप्पा" म्हणत नाक दाबून आली, तेव्हा तो गॅसपासून हातभर अंतरावर बसून भेंडी चिरत होता.

त्यानं पातेलं नाकाशी नेलं. कांदा फोडून हुंगला. खोबरेल तेलाची बाटली उघडून पाहिली. कशाचाच वास येईना. कालपासून अंगात कणकण होती, ती त्यानं एप्रिलच्या उन्हावर ढकलली होती.

तो सोलापूर महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात होता. भवानी पेठेतल्या चाव्या फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडायचं त्याचं काम. कोरोनाची दुसरी लाट आली, गाव पुन्हा दारं लावून बसलं, तरी पाणी सोडावंच लागे. कमी आलं की लोक तोंडाला काही न बांधता भांडायला अंगावर येत.

संस्कृतीला त्यानं आत पाठवलं, मधलं दार लावून घेतलं आणि मोबाईल हातात धरून बाहेरच्या खोलीत बसून राहिला. संस्कृतीची आई, तेजश्री, त्याच्यापासून वेगळी होऊन दोन वर्षं झाली होती. ती जुळे सोलापुरात भावाकडं राहायची आणि शाळांचे गणवेश शिवायची. या माणसाला लेकरू सांभाळता येणार नाही, असं तिनं कोर्टात सांगितलं होतं. महिन्यातले थोडे दिवस तरी लेक आपल्याकडं राहावी, यासाठी यशपालनं कामावर खाडे करून तारखांना चकरा मारल्या होत्या. या महिन्यातले त्याच्या वाट्याचे दिवस कालच सुरू झाले होते. आता तिला फोन करायचा म्हणजे तिचंच म्हणणं खरं करून द्यायचं. न करावा, तर कुणाला कळणारही नव्हतं. पोर आत, आपण बाहेर, चार दिवसांत उतरेल ताप. दाराआड संस्कृती काहीतरी गुणगुणत होती.

त्यानं फोन लावला.

तेजश्रीनं सगळं ऐकून घेतलं. लेकीचं अंग गरम आहे का, एवढंच विचारलं. नव्हतं. पण तिला इकडं आणता येणार नाही, वहिनीचे दिवस भरत आलेत, असं ती म्हणाली आणि फोन बंद झाला. आता वकिलाला लावला असणार, असं यशपालला वाटलं.

दुपार टळायच्या आत मागचं दार वाजलं. चौकाचौकात पोलीस गाड्या अडवत होते, म्हणून ती पिशवी घेऊन चालत आली होती. मधल्या दारापलीकडून तिचा आवाज आला.

"मी संस्कृतीसाठी आलेय. तुमी त्या खोलीतनं हलायचं न्हाय."

तपासणीत कोरोनाच निघाला. खाटा कुठंच शिल्लक नव्हत्या, घरीच वेगळं राहा, असं दवाखान्यातून सांगितलं. ती ताट दाराशी ठेवून कडी वाजवायची, पावलं लांब गेली की तो दार उघडायचा. दोन वर्षांनी तिघं एका छपराखाली होती आणि त्याच्या वाट्याला दोघींचे नुसते आवाज होते: धुणं आपटल्याचा, वेणी घालताना चाललेल्या कुरबुरीचा, मोबाईलवर भरणाऱ्या शाळेचा.

एका दुपारी त्याचा खोकला थांबेना. ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचं यंत्र औषधाच्या कुठल्याच दुकानात मिळत नव्हतं. तेजश्री दाराला टेकून खाली बसली. बोलत राहा, म्हणाली, दम तुटतो का मला ऐकू दे. काय बोलू, त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, उजनी धरणाचं पाणी आपल्या नळाला कसं येतं ते पोरीला सांगा. मग तो धरणापासून निघाला. पंप, टाक्या, जाड नळ, बारके नळ, कुठल्या गल्लीत चढ आहे, तिथं शेवटच्या घराला पाणी पोचायला किती वेळ चावी उघडी ठेवायची. संस्कृती मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती. एका टाकीपाशी त्याचा दम अडकला, तशी तेजश्री म्हणाली, थांबा, पाणी प्या, मग पुढचं. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही ती तिघं अशीच बसली. स्वतःबद्दल कुणी काही बोललं नाही.

ताप उतरला. दोघींना काही झालं नाही. दवाखान्यानं बाहेर पडायची मुभा दिली, त्या सकाळी तेजश्रीनं आपली पिशवी भरली. यशपाल इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मधल्या दारातून आत आला आणि भिंतीला धरून उभा राहिला. दाढी वाढली होती, सदरा अंगात लोंबत होता. घटकाभर त्याला वाटून गेलं, ही राहील. मग त्याची नजर पिशवीवर गेली.

"कोर्टात हे निघणार," तो म्हणाला.

"निघू दे की. फोन तुमीच केलात, तेबी सांगन."

त्यानं लेकीची पिशवी शोधली. दिसेना. संस्कृतीचे कपडे दोरीवरच होते.

"तिला ठेवून चाललीये," तेजश्री म्हणाली. "तुमचे दिवस दाराआडच गेले. तेवढे आता भरून घ्या, मग आणून सोडा."

तिनं लेकीच्या केसांवरून हात फिरवला, ओढणी तोंडाला गुंडाळली आणि मागच्या दारानं बोळात उतरली.

समोरच्या घरातली म्हातारी काशम्मा उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. इतके दिवस ती खिडकीच्या फटीतून या घराकडं बघत आली होती. तिनं तेजश्रीला थांबवलं आणि नांदायला परत आलीस होय ग, म्हणून विचारलं.

"न्हाय ओ काशम्मा," तेजश्री म्हणाली. "लेक आजारी माणसाजवळ होती, म्हणून आलते."

"मग आता कुणाजवळ टाकून निघालीस?"

यशपाल दाराआड उभा राहून ऐकत होता.

"टाकून कशाला," तेजश्री म्हणाली. "बापाजवळ हाय ती."