मालिनीबाईंचा वेग

गुडघे दुखणाऱ्या बायकोला, मालिनीबाईंना, देवळात नेता यावं म्हणून निवृत्त चित्रकला शिक्षक केळुसकर सरांनी जुन्या रिक्षाच्या सांगाड्यावर विजेची गाडी बनवली. दोन बॅटऱ्यांचे प्लस एकत्र, मायनस एकत्र जोडले आणि मालिनीबाईंना हँडलपाशी बसवलं.

गाडी निघाली, पण इतकी हळू, की दारातली कोंबडी तिच्या पुढे गेली. "सर, त्यापेक्षा वहिनींना उचलून न्या!" दगडी गडग्यापलीकडून शेजारी ओरडला. सरांचे कान लाल झाले.

"अहो, टॉर्चमध्ये सेल एकामागे एक घालतो ना, तसं जोडून बघा," मालिनीबाई बसल्या बसल्या म्हणाल्या. सरांनी एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला जोडला. "आता हँडलची मूठ हलकेच पीळ हं."

मालिनीबाईंनी ती पुरती पिळली. गाडी सुसाट सुटली. "अगं, ब्रेक बसवायचा राहिलाय!" लुंगी सावरत सर मागे धावले.

गाडी पेंढ्याच्या उडवीत घुसून थांबली. आज आपलं काही खरं नाही, असं पुटपुटत सरांनी पेंढा उपसला. आतून मालिनीबाईंचं डोकं वर आलं.

"उद्या ब्रेक बसवा," केसांतलं गवत काढत त्या म्हणाल्या, "पण वेग एवढाच ठेवा!"